पाणी निळं हवं

"बाकी सगळं मस्त आहे मॅडम, फक्त पाणी निळं हवं."

फोनवर एक इंटिरिअर डिझायनर होती. त्र्यंबक रस्त्याला एक नवं हॉटेल उभं राहतंय, सिंहस्थाची गर्दी सुरू व्हायच्या आत ते चालू करायचंय, आणि प्रत्येक खोलीत गोदाघाटाचं एक चित्र असावं अशी मालकांची इच्छा आहे. छापील नको, हातानं काढलेलं हवं. तिनं माझं रामकुंडाचं एक जलरंगातलं चित्र कुठंतरी पाहिलं होतं आणि ते तिला मनापासून आवडलं होतं. बोलणं अगदी नीट. आगाऊ रक्कम किती, चित्रं कधीपर्यंत, फ्रेमचं कोण बघणार, सगळं तिनं आधीच लिहून ठेवलेलं. चित्रकाराशी इतक्या स्वच्छपणे व्यवहार बोलणारी माणसं कमी भेटतात, त्यामुळे मला ती लगेच आवडली. पाण्याचं तिनं शेवटी सांगितलं, फोन ठेवता ठेवता. पाहुण्याला सकाळी डोळे उघडल्यावर प्रसन्न वाटलं पाहिजे, तुमचं पाणी जरा मळकट दिसतं, असं. मी "बघते, कळवते" म्हटलं. ते वाक्य मात्र नंतर कितीतरी दिवस मागे लागलं होतं. भाजी निवडताना, मुलांच्या वह्या तपासताना, झोपायच्या आधी.

नाशकात आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. त्या गंगेचं पाणी मी निळं कधी रंगवलेलं नाही. चैत्र-वैशाखात ते शेवाळी असतं, पायरीला लागून तर जवळजवळ काळं. रामकुंडात माणसं दिवसभर उतरत असतात, म्हणून तिथलं पाणी सतत ढवळलेलं, फिकट हिरवं. गांधी तलावाशी ते जरा थांबतं आणि त्यात आभाळ उतरतं, पण तेही राखाडी होऊन. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की तांबूस गढूळ. गणपती गेल्यावर, गंगापूर धरणातून सोडलेलं पाणी ओसरलं की थोडे दिवस गर्द हिरवं आणि इतकं स्वच्छ की खालच्या पायऱ्या मोजता येतात. या सगळ्यासाठी माझ्या पॅलेटवर ऑलिव्ह ग्रीन असतो, तपकिरी बर्न्ट अंबर असतो आणि अल्ट्रामरीनही असतो. म्हणजे निळा आहेच. पण तो अंबरमध्ये मिसळला की त्याचा राखाडी होतो, आणि त्या राखाडीवरच नारोशंकराच्या देवळाच्या काळ्या दगडाचं प्रतिबिंब बसतं. त्या जागी स्वच्छ कोबाल्ट निळा लावला तर वरचा दगड खोटा दिसायला लागतो. मग दगड उजळा, मग त्यासाठी आभाळ उजळा, मग पायरीवर धुणं आपटणाऱ्या बाईच्या पातळाचा रंग बदला. पाणी निळं करायचं म्हणजे शेवटी सगळंच चित्र दुसऱ्या कुठल्यातरी गावाला न्यायचं.

हे मी तिला फोनवर सांगितलं असतं तर तिनं ऐकून घेतलं असतं. मी सांगितलं नाही, कारण ऑर्डर मोठी होती.

माझं घर चित्रांवर चालत नाही, क्लासवर चालतं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांचे. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून आईबाप पोरांना पाठवतात, आणि त्यातली काही पोरं स्थिरचित्र काढता काढता खरंच रमतात. मला हे काम आवडतं, पण संध्याकाळ त्यात संपते. चित्रांतून येतं ते बहुतेक चित्रांतच जातं. शंभर टक्के सुती कागद, तीनशे ग्रॅमचा, त्याची एक शीट घेताना आजही हात आखडतो. मग माउंट, फ्रेम, आणि जलरंगावर काच लागतेच. काच कुरिअरनं गेली तर फुटते, म्हणून बाहेरगावच्या गिऱ्हाइकासाठी अ‍ॅक्रिलिक शीट. प्रदर्शनाच्या हॉलचं भाडं, आमंत्रणपत्रिका, चहा. मुंबईच्या जहांगीरमध्ये चित्रं लावायची तर तारीख मिळण्यासाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं. खासगी गॅलरीनं घेतली तर विक्रीतला तिसरा हिस्सा, कधी निम्मी रक्कम तिची. त्यात गैर काही नाही, तेही जागा, दिवे आणि ओळखीची माणसं पुरवतातच. आपल्याकडे कुसुमाग्रज स्मारकात प्रदर्शन लावलं तर माणसं खूप येतात, मनापासून बघतात, एखाद्या चित्रासमोर उभं राहून "अगं, इथंच तर आपण अस्थी घेऊन आलो होतो" असं एकमेकांना सांगतात. विकत घेणारे थोडे. तरी त्या तीन-चार दिवसांत मला माझ्या चित्रांबद्दल जेवढं कळतं तेवढं घरी बसून कधी कळत नाही. म्हणून विकण्याला नाकं मुरडणाऱ्या चित्रकारांशी माझं जमत नाही. चित्र दुसऱ्याच्या भिंतीवर जावं असं मला वाटतं, अगदी आतून वाटतं, आणि त्याचे पैसे यावेत असंही तितकंच वाटतं.

पैसे किती, हा प्रश्न मी फार वर्षं अंदाजानं सोडवत होते. आता स्क्वेअर इंचावर लावते. बरेच चित्रकार असंच करतात. पूर्ण शीट बावीस बाय तीस इंच, तिचा चतकोर म्हणजे अकरा बाय पंधरा, एकशे पासष्ट स्क्वेअर इंच. चाळीस रुपयांचा दर धरला तर सहा हजार सहाशे, फ्रेम वेगळी. पहिल्यांदा हा हिशेब एका मैत्रिणीला सांगितला तेव्हा ती दुखावली. चित्राचं काय असं कापडासारखं मोजतेस, म्हणाली. मला ते अजिबात विचित्र वाटलं नव्हतं. मी तराजूच्या घरात वाढले.

माझे वडील, अण्णा, तांबट. तांबट लेनमधल्या आमच्या घरात खाली भट्टी आणि ऐरण, वर आम्ही. सकाळी जाग यायची ती ठोक्यांनीच. तांब्याचा पत्रा ठोकत गेलं की कडक होत जातो आणि फार ठोकला तर तडकतो, म्हणून मधेमधे तो भट्टीत लाल करून मऊ करायचा, चिंचेनं घासून काढायचा आणि पुन्हा ऐरणीवर घ्यायचा. शेवटी मठारकाम. एकाला लागून एक, एकसारखे ठोके, सगळ्या अंगावर. त्यानं भांडं बळकट होतं आणि त्याच्यावर उजेड तुकड्यातुकड्यांनी नाचायला लागतो. मी पायरीवर बसून तो उजेड बघत राहायचे. पाण्यावरचा उजेड काढताना माझा ब्रश आजही तसेच छोटे, शेजारी शेजारी फटकारे मारतो. कुणी शिकवलेलं नाही ते. तयार भांडं तराजूत जायचं. वजनाचा भाव वेगळा, घडणावळ वेगळी, आणि गिऱ्हाइकानं जुनी मोड आणली असेल तर ती वजा. तांब्याच्या भावावर कुणी हुज्जत घालत नसे, तो बाजारानं ठरवलेला. घासाघीस व्हायची ती घडणावळीवर. म्हणजे जे काही कमी-जास्त व्हायचं ते अण्णांच्या हाताचं. हे मला तेव्हाही खुपायचं. अण्णा मात्र शांतपणे म्हणायचे, "वहिनी, ठोके मोजून बघा आणि मग सांगा." बहुतेक बायका हसून पैसे द्यायच्या.

तेव्हा स्टील घराघरांत आलेलंच होतं, पाण्याचे बंब अडगळीत चालले होते, तरी लेकीच्या लग्नात घंगाळ आणि कळशी द्यायची रीत टिकून होती. पंचवटीतल्या एक बाई अशाच घंगाळ सांगायला आल्या. त्यांची तक्रार होती की कढत पाण्याचं घंगाळ उचलताना बोटं काठाला लागून भाजतात. कडी वर घ्या आणि काठ बाहेर वळवा. अण्णांना ते पटलं नव्हतं, घंगाळाचा घाट बिघडेल असं त्यांचं म्हणणं. चार दिवस ते त्या कामाला हातच लावत नव्हते. मग केलं, आणि झाल्यावर बराच वेळ ते भांडं लांबून, जवळून, उलटं करून बघत बसले. पुढे आमच्याकडची सगळी घंगाळं तशाच काठाची झाली. गिऱ्हाइकाच्या मागणीनं काम बिघडतंच असं मला म्हणता येत नाही ते या घंगाळामुळे.

अण्णांकडे आणखी एक गोष्ट होती, जिचं मोल मला पन्नाशीच्या आसपास येऊन कळतंय. त्यांच्याकडे पितृपक्ष होता.

पितृपक्षात नवी भांडी कोण घेतो? बाजार थंड. तो पंधरवडा संपला की नवरात्र, दसरा आणि मग धनत्रयोदशीला तर श्वास घ्यायला फुरसत नसे. पण त्या पंधरा दिवसांत दुकानदाराचा निरोप नाही, गिऱ्हाइकाचा तगादा नाही. अण्णा पत्र्याचे उरलेले तुकडे काढायचे आणि काहीबाही करून बघायचे. बसका तांब्या, लांब मानेचा गडू, एकदा कमळाच्या पाकळ्या फिरवलेलं ताम्हन. निम्म्या गोष्टी पुन्हा भट्टीत जायच्या. जमलेली एखादी धनत्रयोदशीच्या आधी दुकानात नमुना म्हणून जायची, आणि पुढच्या वर्षी तिचीच ऑर्डर यायची. नवं करून बघायला वेळ काढावा लागतो असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. तो वेळ पंचांगातच लिहिलेला होता, आणि तो त्यांच्या एकट्याचा नव्हता, सगळ्या आळीचा होता. शेजारचे तांबटही तेच करत असायचे. दुपारी एकमेकांच्या ओट्यावर जाऊन बघायचे, नावं ठेवायचे, एखादा हातात घेऊन फिरवून बघून न बोलता परत द्यायचा.

माझ्या विकण्याला असा पितृपक्ष नाही. फोन बारा महिने चालू. रात्री अकराला कुणीतरी विचारतं, "हे अव्हेलेबल आहे का?" सकाळी चहाच्या आधी बघायचं की कालच्या चित्राला किती जणांनी पसंत केलं. चित्र चालू असताना त्याचं रील करायचं म्हणून मोबाइल स्टँडवर उभा करायचा, आणि एकदा तो उभा केला की आपण वेगळे वागायला लागतो, हे मी माझ्या हातात बघितलंय. वॉश, म्हणजे पातळ रंगाचा मोठा हात, टाकताना एक धोका असतो, विशेषतः आपल्याकडे एप्रिलात. सकाळी नऊनंतर घाटावर ऊन असं चढतं की ब्रश उजव्या कडेला पोचेपर्यंत डावीकडचा रंग वाळून त्याची कड धरते. ती कड कधी चित्र घालवते, कधी त्यातूनच पायरीचा असा काही काठ मिळतो की आपण सात जन्म ठरवून काढू शकलो नसतो. समोर कॅमेरा असला की हात तो धोका घेत नाही. तो ओळखीचं, हमखास जमणारं तेवढंच करतो. देऊळ, पायऱ्या, एक छत्री, दोन कबुतरं. ते विकलं जातं आणि पुढच्या वेळी हात आपणहून तिकडेच वळतो.

मला विकण्याची भीती वाटते ती एवढ्यापुरती. भाव करताना, पार्सल बांधताना, पावती लिहिताना माझं काही बिघडत नाही. पेन्सिल कागदाला लागायच्या आधीच घेणारा येऊन शेजारी बसलेला असतो, तेव्हा बिघडतं.

"विकायचं काम दुसऱ्या कुणीतरी करावं, आपण नुसती चित्रं काढावी," हे आम्हा चित्रकारांचं जुनं स्वप्न. अशा वेळी मला पांडवलेणीच्या पायथ्याचं फाळके स्मारक आठवतं. दादासाहेब १८७० साली आपल्या त्र्यंबकला जन्मले, जे. जे. मध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले, रविवर्म्यांच्या छापखान्यात काम केलं. पहिल्या चित्रपटासाठी विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढलं, सरस्वतीबाईंचे दागिने गेले. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये तो लोकांसमोर आला. तोवर करणं आणि विकणं दोन्ही त्यांच्याच अंगावर होतं, जाहिरातीसुद्धा ते स्वतःच्या डोक्यानं करत, आणि झकास करत. मग ते नाशकात आले, इथं चित्रपट काढले, आणि १९१८ मध्ये भांडवलदार भागीदारांबरोबर हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी सुरू झाली. पैसा आणि व्यवहार बघायला माणसं आली. आणि तिथूनच खटके उडायला लागले. खर्च फार, वेळ फार, कामाला शिस्त लावा. दादासाहेब कंपनी सोडून काशीला गेले, तिथं नाटक लिहिलं, काही काळानं परतही आले, पण ते पहिले दिवस परतले नाहीत. १९४४ मध्ये ते गेले तेही इथेच, नाशकात. भागीदार वाईट होते असं मला म्हणायचं नाही, त्यांचा पैसा गुंतला होता. पण विकणं दुसऱ्याच्या हाती दिलं म्हणून घेणारा माणूस आपल्या शेजारून उठून जात नाही. तो फक्त दुसऱ्याच्या तोंडून बोलायला लागतो. मग निदान तो समोरासमोर असलेला बरा, असं माझं मत होत चाललंय.

मग मी माझ्यापुरता एक पितृपक्ष पाडला. श्रावण लागला की अनंत चतुर्दशीपर्यंत चित्रांची विक्री बंद. नवीन ऑर्डर नाही, चित्रं टाकणं नाही, क्लास तेवढे चालू. हे पावसाचे दिवस निवडले कारण एरवीही तेव्हा काम अवघडच असतं. हवेत इतका ओलावा की वॉश तासभर वाळत नाही, रंग कागदभर पळतात, आकार धरतच नाहीत. ऑर्डरच्या कामाला हे दिवस निरुपयोगी. पण तेव्हाच गंगेला पूर येतो. धरणातून पाणी सोडलं की अख्खं गाव पुलावर, घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं ते बघायला. गुडघ्याला, कमरेला, छातीला. मीही तिथंच असते, पिशवीत स्केचबुक घेऊन. पुराचं पाणी काढताना मला जे सापडतं ते वर्षभर कुठं सापडत नाही. रंगाचं ओझं घेऊन धावणारं जड पाणी, त्यात बुडालेली देवळं, वर उरलेला नुसता कळस. कागद भिजलेला, हवा भिजलेली, आणि ब्रशचं काही चालत नाही म्हणून पाण्याचंच ऐकावं लागतं.

पुराची चित्रं कुणी घेत नाही. "घरात पूर कशाला टांगायचा?" असं एका आजोबांनी प्रदर्शनात मला अगदी काळजीनं विचारलं होतं, आणि मला त्यांचं म्हणणं समजलं. ती चित्रं मी तरीही लावते, शेवटच्या भिंतीवर.

त्या भिंतीसमोर मागे एकदा भांडी बाजारातले एक व्यापारी बराच वेळ उभे होते. त्यांच्या दुकानात पूर्वी अण्णांचा माल जायचा. चित्र २०१९ च्या पुराचं. एका नातेवाइकांच्या माडीवरून काढलेलं, बाजाराच्या तोंडाशी शिरलेलं पाणी, बंद शटर, आणि पाण्याच्या वर तेवढ्या टांगलेल्या कळश्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आमच्याकडं इथवर आलं होतं," म्हणून छातीवर हात ठेवला. "सोळा सालीही आलं होतं. तेव्हाचा गाळ निघेपर्यंत दिवाळी आली." मग चित्रातल्या पाण्याजवळ बोट नेलं, काचेला न लावता. "रंग बरोबर धरलाय गं पोरी. हाच. सगळे फोटो काढतात, पण फोटोत तो असा नाही येत." भाव विचारला. अर्धी शीट, तीनशे तीस स्क्वेअर इंच, तेरा हजार दोनशे. त्यांनी विचारलं, "घडणावळ धरून?" मी हो म्हटलं. त्यांनी घासाघीस केली नाही. चित्र आता दुकानात गल्ल्याच्या मागे आहे, आणि गिऱ्हाइकांना ते स्वतः त्याची गोष्ट सांगतात.

या विक्रीनं माझं काही सिद्ध होत नाही. बाकीचे पूर अजून माझ्याच घरात पलंगाखाली आहेत. पण ज्या चित्राला घेणारा नाही असं धरूनच मी बसले होते, त्याला तो होता, आणि तो तर माझ्यापेक्षा त्या पाण्याला जास्त ओळखत होता. ते चित्र मी घेणाऱ्याचा विचार करून काढलं असतं तर ते त्यांच्या कामाचं झालं नसतं, एवढं नक्की.

हॉटेलच्या कामाचं सांगायचं राहिलं. मी पहाटे घाटावर गेले. निळं पाणी कुठल्यातरी वेळी मिळतं का हे निदान बघून यावं म्हणून. सूर्य उगवायच्या आधी, दिवे अजून चालू असताना, थोडाच वेळ असा येतो की आभाळ गडद निळं असतं आणि पाणी त्याहून गडद. त्या वेळी मी घाटावरून असंख्य वेळा गेले असेन, रंगवायला कधी बसले नव्हते. अंधारात पॅलेटवरचा रंग नीट दिसत नाही, म्हणून डबीतल्या जागेवरून ओळखायचा. अल्ट्रामरीन, थोडा पेन्स ग्रे, आणि दिव्याच्या प्रतिबिंबाला कोरा कागद राखलेला. कपालेश्वराच्या पायऱ्यांवर झाडू मारल्याचा आवाज, फुलवाल्यांच्या टोपल्या उतरत होत्या, थंडीत अंघोळीला उतरलेल्या कुणाचा तरी "हर हर" असा दात वाजत निघालेला उच्चार. चित्र झालं ते मला फार आवडलं. पंचवटीतल्या त्या बाईंचं घंगाळ आठवलं. डिझायनरला पाठवलं, आणि तिला लिहिलं की पाणी निळं मिळेल ते या वेळचं मिळेल, बाकीच्या खोल्यांना बाकीच्या वेळा देईन, त्या त्या वेळच्या पाण्यासकट. तिनं निम्म्या खोल्यांना होकार दिला. उरलेल्या खोल्यांसाठी त्यांना उजळ, दुपारचं, निळंच हवं होतं. तेवढं काम मी सोडलं आणि असं काम मनापासून आणि सुंदर करणाऱ्या एका चित्रकाराचा नंबर तिला दिला. सोडताना हिशेब मनात होताच, आणि तो आकडा अजूनही अधूनमधून आठवतो.

पुढं तिनं विचारलं की हीच चित्रं मेन्यू कार्डावर आणि खोलीच्या किल्लीच्या कार्डावर छापू का. इथं मात्र मला आधीच माहिती होती याचं समाधान वाटलं. चित्र विकलं म्हणजे ते छापायचा हक्क विकला असं होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं तो चित्रकाराकडेच राहतो, लेखी दिल्याशिवाय जात नाही. पैसे देऊन सांगून काढून घेतलेलं चित्र किंवा व्यक्तिचित्र मात्र वेगळं, तिथं वेगळा करार नसेल तर हक्क सांगणाऱ्याचा, म्हणून ऑर्डरच्या कामाला ते आधीच लिहून घ्यायचं. एवढंच काय, मूळ चित्र पुढे दहा हजारांच्या वर किमतीला पुन्हा विकलं गेलं तर त्यात चित्रकाराला वाटा मागता येतो, जास्तीत जास्त दहा टक्के. आमच्यातल्या कितीतरी जणांना हे ठाऊक नसतं. छपाईचे पैसे वेगळे ठरले, आणि ते ठरवताना तिनं एकदाही आवाज चढवला नाही.

हे सगळं मी परवा माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला सांगत होते. इंटरमिजिएटला माझ्याकडे होती, आता कॉलेज रोडला दोघी मैत्रिणी मिळून खोली घेऊन राहते, लोकांची, त्यांच्या कुत्र्या-मांजरांची चित्रं काढून देते आणि त्यावर भाडं भरते. कसं चाललंय विचारलं तर म्हणाली, "मॅडम, ऑर्डरी खूप आहेत, पण मला काय काढायचंय तेच आठवत नाही." मी तिला पितृपक्षाचं सांगितलं. दोन महिने बंद ठेव म्हटलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "अण्णांच्या वेळी सगळी आळीच थांबायची ना? मी एकटी थांबले तर माझं गिऱ्हाईक दुसरीकडं जाईल. आणि तुमच्याकडं क्लासची फी आहे."

तिचं खरं होतं. माझ्या श्रावणाचा खर्च क्लास भरतो, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. आम्ही बराच वेळ बोललो. दोन महिने नाही, मग काय? शेवटी तिनंच काढलं की महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ती ऑर्डर घेईल, पैसे आगाऊ घेईल, आणि शेवटच्या आठवड्यात फोन मैत्रिणीकडे देईल. तिची मैत्रीण मातीकाम करते, तिलाही तोच आठवडा घ्यायला लावणार होती. कॉलेजमधले आणखी दोघं आहेत, त्यांनाही विचारते म्हणाली. "सगळ्यांनी एकदमच बंद ठेवलं तर एकमेकांचं बघताही येईल." मी माझ्याकडचा क्लासचा हॉल त्या आठवड्यात सकाळी रिकामा असतो असं सांगितलं. टेबलं आहेत, उत्तरेची खिडकी आहे, नळ आहे. ती म्हणाली, भाडं किती घेणार ते आधी सांगा.